भाग ११ : डोळ्यांदेखत चुकलेली मोजणी



आज माझ्यासमोर टेबलावर फक्त चार पत्ते आहेत. घरात पत्त्यांचा कॅट असेल तर तुम्हीही चार पत्ते काढून घ्या. कॅट अपुरा असला, एखादी दुर्री हरवलेली असली तरी चालेल. व्हिडिओत माझे हात दिसत होते, पुस्तकात ते दिसणार नाहीत, म्हणून इथे जरा सावकाश, पायरी-पायरीने सांगतो.

आजचा विषय आहे खोटी मोजणी. हातात चार पत्ते आहेत, समोरच्याला एक, दोन, तीन, चार असे मोजून दाखवायचे आणि तरीही त्यातला एक पत्ता त्याला दिसू द्यायचा नाही. किंवा पाच असताना चारच मोजायचे. किंवा सात असताना दहा मोजून दाखवायचे. लपवाछपवी काही नाही, सगळं उघड्यावर, समोरच्याच्या नाकासमोर.

हा विषय मी इतके दिवस मागे ठेवला होता. तो शिकवायचा तर मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगावी लागते, आणि त्यासाठी त्यांची परवानगी हवी होती. ती आता मिळाली आहे.

बँकेतली मोजणी

आम्ही इंदूरचे. बाबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी घराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी बँकेतून ५०,००० रुपये काढले. पाचशेच्या शंभर नोटा, एक बंडल. काउंटरवरून बाजूला येऊन ते पैसे पिशवीत ठेवणार, तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक नीटनेटका माणूस म्हणाला, "अंकलजी, इसमें एक नोट फटा दिख रहा है. देख लो, बाद में बदलेंगे नहीं."

बाबांनी बंडल वर काढलं. त्याने अदबीने ते हातात घेतलं, कागदी पट्टी सरकवली आणि बाबांच्या समोर, मोठ्याने, एकेक नोट मोजली. बरोबर शंभर भरल्या. फाटकी नोट काही निघाली नाही. "सब ठीक है," म्हणत त्याने बंडल परत दिलं. बाबांनी त्याचे आभार मानले.

घरी येऊन मिस्त्रीला पैसे देताना मोजलं तर ८६ नोटा. सात हजार रुपये गेले होते.

बाबांनी आईला काही सांगितलं नाही. मला चार दिवसांनी सांगितलं, तेही गॅलरीत बोलावून, हळू आवाजात. "मी त्याच्याबरोबर मनात मोजत होतो रे," ते म्हणाले. "एकही आकडा चुकला नाही." सात हजारांपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं होतं. जन्मभर पोरांना आकडेमोड शिकवलेल्या माणसाला वाटायला लागलं की आता आपलं डोकं चालेनासं झालं. महिन्याच्या हिशेबाची वही तेच लिहायचे. ती त्यांनी आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "यापुढे तूच बघ."

मी तेव्हा कितीतरी वर्षं पत्त्यांचे खेळ करत होतो. त्या माणसाने काय केलं असणार, ते मला ऐकताक्षणी कळलं. बाबांना ते कसं समजावायचं, ते मात्र कळेना.

पसरलेले पत्ते मोजावे लागत नाहीत

आता हातातले चार पत्ते टेबलावर पसरा. किती आहेत? तुम्ही मोजले नाहीत. नुसतं पाहिलं आणि "चार" म्हणालात.

या गोष्टीचा प्रयोग फार पूर्वी झाला आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने एका डबीत काळ्या बिया टाकायच्या आणि एका नजरेत आकडा सांगायचा, मग मोजून पडताळायचा, असं हजारापेक्षा जास्त वेळा केलं. १८७१ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याने निष्कर्ष छापले. तीन किंवा चार बिया असताना तो एकदाही चुकला नाही. पाच झाल्यावर क्वचित चुकू लागला आणि पुढे चुका वाढत गेल्या. १९४९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या एका नजरेत कळण्याला 'सबिटायझिंग' असं नाव दिलं.

म्हणजे चारपर्यंतच्या वस्तूंच्या बाबतीत आपल्या डोळ्याला फसवणं महाकठीण. मग चारच पत्त्यांत जादूगार फसवतो कसा? तर तो ते चार पत्ते एकत्र पसरून दाखवतच नाही. एकामागून एक दाखवतो. जी गोष्ट डोळ्याने एका झटक्यात केली असती, ती तो आकड्यांवर सोपवतो. "मोजून दाखवतो" हे ऐकताना ती जास्तीची खात्री वाटते. खरं तर तिथेच आपल्या हातून पक्की खात्री काढून घेतलेली असते.

भुताची मोजणी

चार पत्त्यांच्या खोट्या मोजणीत सगळ्यात गाजलेली म्हणजे एल्म्स्ली काउंट. ॲलेक्स एल्म्स्ली हा १९२९ साली जन्मलेला स्कॉटिश माणूस. पोटापाण्याला संगणकाचं काम, आवड पत्त्यांची. १९५० च्या दशकात त्याने ही मोजणी बसवली आणि तिला 'घोस्ट काउंट' म्हणजे भुताची मोजणी असं नाव दिलं. लोकांनी मात्र तिला त्याचंच नाव चिकटवलं. त्याआधी चार्ल्स जॉर्डन या अमेरिकन जादूगाराने अशाच धर्तीची एक मोजणी दिली होती. ती जॉर्डन काउंट म्हणून आजही वापरात आहे.

आता करून बघू. चार पत्ते पालथे धरा, पण वरून तिसरा पत्ता उताणा करा. हा तिसरा पत्ता समोरच्याला दिसता कामा नये.

१. गठ्ठा उजव्या हाताच्या चिमटीत धरा. उजव्या लांब कडेच्या मधोमध अंगठा वर आणि बोटं खाली. डावी बाजू मोकळी राहिली पाहिजे.

२. "एक." डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता डाव्या हातात ओढून घ्या.

३. "दोन." इथे खरी गंमत आहे. डावा हात पुन्हा गठ्ठ्याकडे येतो. त्याच वेळी उजवा अंगठा वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे डावीकडे सरकवतो. डावा हात ही जोडी घेतो आणि त्याच क्षणी, आधी घेतलेला पहिला पत्ता उजव्या हातात उरलेल्या पत्त्याच्या खाली सरकवून परत देतो. समोरच्याला दिसतं ते इतकंच, की डाव्या हाताने दुसरा पत्ता घेतला.

४. "तीन." उजव्या हातातला वरचा पत्ता डावीकडे घ्या.

५. "चार." उरलेला शेवटचा पत्ता घ्या. हा कोणता? तोच, मघाशी "एक" म्हणून दाखवलेला.

म्हणजे समोरच्याने पाहिले पहिला, दुसरा, चौथा आणि पुन्हा पहिला. चारही पालथे. उताणा तिसरा पत्ता दुसऱ्याच्या पोटाखाली लपून गेला आणि आता तो गठ्ठ्याच्या तळाशी आहे. एक पत्ता दोनदा दिसला, एक दिसलाच नाही, आणि आकडा मात्र चारच.

कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्नन या थोर जादूगाराने याच मोजणीवर 'ट्विस्टिंग द एसेस' हा खेळ उभा केला. हातात चार पालथे एक्के. गठ्ठा नुसता गरकन फिरवायचा आणि मोजून दाखवायचा, की एक एक्का आपोआप उताणा झालेला. पुन्हा फिरवला की दुसरा. जगभर शिकणारे या मोजणीची पहिली ओळख बहुधा याच खेळातून करून घेतात.

आधी खरं मोजायला शिका

नवशिक्यांची एकच चूक होते. "दोन" म्हणताना हात अडखळतो. बाकी तीन आकडे सरळ आणि मधला एक लंगडा. समोरच्याला काय झालं ते कळत नाही, पण काहीतरी झालं हे कळतं.

यावर उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. आधी चार पत्ते याच पकडीत प्रामाणिकपणे मोजा. शंभर वेळा मोजा. हात किती उंचावर येतो, पत्ता पत्त्यावर घासताना कसा आवाज होतो, दोन आकड्यांमध्ये किती वेळ जातो, हे बघा. मग खोटी मोजणी हुबेहूब त्याच्यासारखी करा. बहुतेक जण उलटं करतात. खोटी मोजणी घोटून बसवतात आणि खरी मोजायची वेळ आली की ती वेगळीच दिसते. पाहणाऱ्याला फरक तिथे सापडतो.

कमी दाखवायचे, जास्त दाखवायचे

बाकीच्या मोजण्या थोडक्यात सांगतो.

पाच-सहा पत्ते चार म्हणून दाखवायचे असतील तर बकल काउंट. पत्ते डाव्या हातात. एकेक वरून घेत जायचं. योग्य आकड्यावर डाव्या हाताचं बोट तळाचा पत्ता किंचित आत ओढतं, तो जरासा वाकतो आणि त्याच्यावर फट पडते. त्या फटीच्या वरचे सगळे पत्ते मिळून 'एक' म्हणून उचलायचे. शेवटी तळाचा एकटा पत्ता उरतो, तो स्वच्छ दाखवायचा. तुमच्याजवळचे पत्ते कमी-कमी होत नाहीत, सहाचे सहाच राहतात, अशा गमतीच्या खेळांत हीच चाल असते.

अर्धा गठ्ठा लपवायचा असेल तर हॅमन काउंट. ही ब्रदर जॉन हॅमन यांची. ते ख्रिस्ती धर्मसंघातले ब्रदर होते आणि पत्त्यांचे पट्टीचे कलाकार. मोजता मोजता मध्यावर, एका आकड्याच्या आडोशाने, मोजलेले पत्ते आणि न मोजलेले पत्ते यांची अदलाबदल होते. मग मघाचेच पत्ते पुन्हा मोजले जातात. उरलेला अर्धा गठ्ठा कुणीच पाहिलेला नसतो.

आणि नसलेले पत्ते दाखवायचे असतील, म्हणजे सात असताना दहा, तर सगळ्यात साधी आणि सगळ्यात निगरगट्ट चाल. अंगठा पत्त्यावर घासून येतो, आवाज होतो, आकडा उच्चारला जातो, हात मागे जातो. पत्ता मात्र घेतलेलाच नसतो.

बाबांच्या ८६ नोटा आठवल्या ना?

मोजतं कोण?

आता मुद्द्यावर येऊ. या सगळ्या चालींमध्ये बोटांचं काम वेगवेगळं आहे, पण एक गोष्ट सगळीकडे तीच आहे. लय.

आपण वस्तू मोजतो असं आपल्याला वाटतं. तीन-चार आकडे झाले, ठेका बसला, की आपण ठेकाच मोजायला लागतो. दर खसकन आवाजाला एक आकडा. आवाज झाला पण वस्तू आली नाही, तरी आकडा पुढे जातो. दोन वस्तू एका आवाजात आल्या, तरी आकडा एकच.

गावाकडे धान्य मोजताना ऐकलंय? मापाने धान्य ओतताना पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन असं गाण्यासारखं पुढे. ती लय मोजणाऱ्याच्या सोयीची. आकडा विसरू नये म्हणून. तीच लय बेइमान हाताला मिळाली की ऐकणाऱ्याला गुंगी आणते. आणि समोरचा मोठ्याने मोजत असला आणि आपण मनात त्याच्याबरोबर म्हणत असलो, तर आपण मोजतच नसतो. आपण त्याच्या मागून पाढे म्हणत असतो.

तेच हात, दोन धंदे

'कार्ड्स अक्रॉस' नावाचा जुना खेळ आहे. दोन प्रेक्षकांना प्रत्येकी दहा पत्ते मोजून देतात. जादूगार फुंकर घालतो. एकाजवळ सात निघतात, दुसऱ्याजवळ तेरा. तीन पत्ते हवेतून गेले! सभागृह टाळ्या वाजवतं. आता तेच पत्ते नोटा आहेत असं समजा, आणि फुंकर घालणारा निघून गेला.

१९०२ साली अमेरिकेत 'द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल' नावाचं पुस्तक निघालं. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे टोपणनाव, खरा माणूस कोण यावर अजून वाद चालू आहे. पुस्तकाचा एक भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा आणि दुसरा करमणुकीच्या जादूचा. एकाच जिल्दीत दोन्ही. जादूगार आजही ते पुस्तक अभ्यासतात. हात तेच असतात, हे त्या पुस्तकाला लपवावंसं वाटलं नाही. मीही लपवत नाही.

माझ्या लेखी फरक एवढाच आहे: जादूगार आधी सांगतो की मी फसवणार आहे. तुम्ही त्यासाठीच बसलेले असता. तो मदत करायला आलेला नसतो.

म्हणून हे शिकणाऱ्यांना माझी एक अट आहे. पैशाच्या खेळात, अगदी दिवाळीच्या तीन पत्तीत किंवा घरच्या रमीतसुद्धा, हे वापरायचं नाही. गंमत म्हणूनही नाही. एकदा वापरलंत की तुमच्या हाताने वाटलेले पत्ते घरात कुणी निर्धास्तपणे उचलणार नाही.

घरी सांगण्यासारखं

हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

पैसे दुसऱ्याच्या हातात मोजायला द्यायचे नाहीत. माणूस कितीही सज्जन दिसो. शंका असेल तर काउंटर न सोडता, तिथल्याच माणसाकडून, मशीनवर मोजून घ्यायचे.

कुणी तुमच्यासमोर मोजून दिले तरी ती त्याची मोजणी झाली. तुमची तुम्ही नव्याने करायची, त्याच्या आवाजाशिवाय. तो मध्येच बोलायला लागला, तर थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

बंडल एका कडेने फरफर मोजू नका. मधोमध दुमडून ठेवलेल्या नोटेच्या दोन कडा येतात आणि एकच नोट दोनदा मोजली जाते. बंडल उघडून, दोन्ही टोकं बघून मोजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातातल्या हातात मोजू नका. टेबलावर ठेवत मोजा, दहा-दहाचे ढीग करा. खाली ठेवलेली वस्तू गुपचूप परत हातात जात नाही. शंभर नोटांचे दहा ढीग झाले की ते पाच-पाचच्या दोन ओळींत मांडा. मग ते एका नजरेत दिसतात. हातचलाखी जी नजर काढून घेते, ती आपण अशी परत मिळवायची.

पत्त्यांनाही हेच लागू आहे. रमीत तेरा पत्ते आले की नाही याची शंका आली, तर वाटणाऱ्याला पुन्हा मोजायला सांगू नका. स्वतः टेबलावर चार-चारचे तीन ढीग आणि वर एक, असे ठेवून बघा.

बाबांचे चार पत्ते

शेवटी मी काय केलं, ते सांगतो.

एका रविवारी दुपारी बाबांसमोर बसलो. चार पत्ते घेतले आणि म्हटलं, "बाबा, मोजा माझ्याबरोबर." एक, दोन, तीन, चार. "किती पालथे?" "चारही." मी पत्ते टेबलावर पसरले. एक उताणा होता, बदामची राणी. ते गप्प झाले. "पुन्हा कर," म्हणाले. पुन्हा केलं. "हळू कर." हळू केलं. सातव्या की आठव्या वेळेला त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "थांब. हा पहिला पत्ता तू परत दिलास."

बरोबर पकडलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला आठ वेळा दाखवल्यावर सापडलं. त्या माणसाने तुम्हाला एकदाच दाखवलं."

ते बराच वेळ पत्ते हातात धरून बसले. मग शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आकडे बरोबरच होते. आकडे कशाला लावले, तिथे चूक झाली."

मी इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, याहून नेमकं मला सांगता आलेलं नाही.

संध्याकाळी त्यांनी आईकडून हिशेबाची वही परत मागून घेतली. मधल्या दोन महिन्यांतल्या आईच्या बेरजाही तपासल्या, आणि त्यावरून थोडं भांडण झालं. आता बँकेतून पैसे आणले की ते जेवणाच्या टेबलावर दहा-दहाचे ढीग मांडतात आणि त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

तुम्ही तुमचे चार पत्ते घ्या, आधी शंभर वेळा खरे मोजा. पुढच्या भागात याच चार पत्त्यांनी एक पूर्ण खेळ बसवू. भेटू.